सायकोसिसच्या आधीच्या खुणा : घरच्यांना पडणारे प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला १९व्या वर्षी सायकोसिसचा पहिला एपिसोड आला. त्याआधीचं जवळजवळ वर्षभर आम्ही एकाच छताखाली राहत होतो. जे घडत होतं ते डोळ्यांसमोर होतं, फक्त त्याला काय म्हणायचं ते कळत नव्हतं. पुढे रुग्णांच्या घरच्यांच्या स्वमदत गटात मी अनेक वर्षं बसले आणि तिथे तेच तेच प्रश्न ऐकले. त्यांची जमतील तशी उत्तरं इथे लिहिते आहे. ही उत्तरं वाचून घरच्या घरी रोग ठरवू नका, ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं आहे. त्यांच्याकडे कधी जायचं, हे कळावं एवढ्यासाठी हे पान आहे.

सायकोसिस म्हणजे नेमकं काय?

वास्तवाशी असलेला धागा सुटणं. समोर कुणी नसताना आवाज ऐकू येणं किंवा माणसं दिसणं, म्हणजे भास. कुणीतरी पाळत ठेवतंय, टीव्हीवरचा माणूस माझ्याबद्दलच बोलतोय अशी कशानेही न हलणारी खात्री, म्हणजे भ्रम. आणि विचारांची गुंफण उसवणं, इतकी की बोलण्यातलं एक वाक्य दुसऱ्याला जोडलेलं राहत नाही.

सायकोसिस हे तापासारखं आहे. ताप आला एवढ्यावरून मलेरिया की टायफॉइड हे सांगता येत नाही. तसाच सायकोसिस स्किझोफ्रेनियात येतो, बायपोलर आजारात (कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी) येतो, तीव्र नैराश्यात येतो, नशेच्या पदार्थांनी येतो, मेंदूच्या किंवा शरीराच्या इतर आजारांतही येतो. आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येणाऱ्यांचं प्रमाण साधारण १०० मागे ३ आहे. सुरुवात बहुतेकदा सोळा-सतरा ते तिशीच्या दरम्यान होते. मुलग्यांत थोडी लवकर, तर स्त्रियांमध्ये चाळिशी-पंचेचाळिशीनंतर आणखी एक लहानसा चढ दिसतो.

माणूस एका रात्रीत असा होतो का?

घरच्यांना तसं वाटतं खरं. "कालपर्यंत चांगला होता हो" हे वाक्य मी गटात जितक्या वेळा ऐकलं तितकं दुसरं कुठलंच नसेल. पण मागे वळून दिवस मोजायला लागलं की तो 'काल' महिनोन् महिने मागे सरकतो.

आयुर्वेदात यासाठी एक नेमका शब्द आहे, पूर्वरूप. रोगाचं रूप उघड होण्याआधी तो ज्या अस्पष्ट खुणांनी डोकावतो, ते पूर्वरूप. आधुनिक मानसोपचारात हा टप्पा बारकाईने तपासला गेला आहे. जर्मनीतल्या मानहाइम इथे हाइन्झ हेफ्नर यांच्या गटाने स्किझोफ्रेनियाचा पहिला एपिसोड आलेल्या रुग्णांचा मागचा काळ त्यांच्याकडून आणि नातेवाइकांकडून महिन्यामहिन्याने उलगडून घेतला. साधारण तीन-चतुर्थांश लोकांत आजाराची पहिली चाहूल भास किंवा भ्रमाची नव्हती. ती अस्वस्थता, उदासी, लक्ष न लागणं, माणसांपासून दूर जाणं अशी होती, आणि तिथून उघड सायकोसिसपर्यंतचा काळ सरासरी सुमारे ५ वर्षांचा निघाला.

सगळ्यांचंच इतकं हळू होत नाही. नशेमुळे, बाळंतपणानंतर किंवा मेंदूच्या काही आजारांत चित्र काही दिवसांत, कधी काही तासांतही बदलतं.

सुरुवातीला घरात काय दिसतं?

झोप बदलते. रात्री दोन-तीनपर्यंत खोलीत दिवा, दिवसा डोळे उघडत नाहीत. मग दिवस-रात्रच उलटी होते. जवळजवळ प्रत्येक कुटुंबाच्या आठवणीत ही गोष्ट सर्वांत आधी येते.

अभ्यास किंवा काम घसरतं. हुशार मुलगा एकच पान तासभर पुढ्यात घेऊन बसतो. आवडत्या गोष्टी एकेक करून सुटतात, आधी खेळ, मग मित्रांचे फोन, मग अंघोळ आणि कपडे बदलणं. ज्या मुलीला आरशासमोरून हलवावं लागायचं ती तीच ओढणी चार-चार दिवस घालते. जेवायला सगळ्यांबरोबर बसणं बंद होतं. बोलणं तुटक होतं किंवा प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला विचित्र उशीर लागतो, जणू प्रश्न लांबून चालत त्याच्यापर्यंत पोचतो आहे. चेहरा सपाट होतो. वाईट बातमीवर भलतंच हसू येतं.

मग थोडा संशय मिसळू लागतो. "तुम्ही माझ्याबद्दल काय बोलत होता?" "माझा फोन कुणी हातात घेतला होता?" पडदे दिवसाही ओढलेले राहतात. एखाद्या विषयाचा, म्हणजे विश्वाची रचना, गुप्त कट, आकड्यांमधले संकेत, असा नाद लागतो, की वह्याच्या वह्या भरतात.

माझ्या भावाने खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ काढून कपाटात कपड्यांखाली ठेवलं होतं. विचारल्यावर म्हणाला, "ते मधे मधे बोलतं." परीक्षेचा ताण आहे असं मी धरून चालले आणि हसले. त्या वाक्यानंतर आम्ही मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचायला ११ महिने गेले.

आणि त्या माणसाला आतून काय वाटत असतं?

याचं उत्तर घरच्यांनी शांतपणे वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. बाहेरून जे आळस, हट्ट किंवा उद्धटपणा दिसतो त्याच्या आत बहुतेकदा भीती असते.

क्लाउस कॉनराड या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १९५८ मध्ये सायकोसिसच्या सुरुवातीबद्दल लिहिताना पहिल्या टप्प्याला 'ट्रेमा' म्हटलं. रंगमंचावर पाऊल टाकण्याआधी नटाच्या पोटात जो गोळा येतो, त्यासाठी नाटकवाल्यांच्या बोलीतून उचललेला तो शब्द. काहीतरी घडणार आहे, हवेत काहीतरी आहे, पण काय ते सांगता येत नाही. नेहमीचा रस्ता नेहमीचाच असतो आणि तरी तो कुणीतरी मांडून ठेवल्यासारखा, खोटा वाटतो. मग एक दिवस अर्थ 'प्रकट' होतो. समोरून गेलेल्या गाडीचा नंबर, अनोळखी माणसाचं खोकणं, दुकानाच्या पाटीवरचा शब्द, हे सगळं आपल्यासाठीच होतं! कित्येक महिन्यांच्या असह्य गोंधळानंतर मिळालेलं ते उत्तर असतं, म्हणून ते चुकीचं असलं तरी माणूस त्याला घट्ट धरतो. "असं काही नसतं रे" म्हटल्यावर त्याला राग का येतो, हे इथे कळतं.

याहीआधी काही बारीक बदल होतात. ते बाहेरून दिसत नाहीत, विचारले तरच सांगितले जातात. भांड्यांचा आवाज, दिवा, रंग अंगावर आल्यासारखे वाटतात. समोरचा बोलतोय, शब्द ओळखीचे आहेत, पण वाक्याचा अर्थ लागत नाही. एक विचार चालू असताना भलताच विचार मध्ये घुसतो किंवा विचार अर्ध्यात गायब होतो. चालणं, दात घासणं, चहा ढवळणं अशा आपोआप होणाऱ्या गोष्टींवर मुद्दाम लक्ष द्यावं लागतं. आरशातला चेहरा परका वाटतो. एवढं सगळं सांभाळता सांभाळता माणूस दमतो आणि खोलीचं दार लावून घेतो.

पण हे तर वयात येणाऱ्या कुठल्याही मुलात दिसतं!

दिसतंच. दार लावून बसणं, उशिरा उठणं, घरच्यांचा वैताग, आठवडाभर तेच कपडे, यातली एकही गोष्ट एकटी धोक्याची नाही. नैराश्य, चिंतेचा आजार, प्रेमभंग, शाळा-कॉलेजातली छळणूक, नशा, थायरॉइडचा त्रास यांतही हेच दिसू शकतं. म्हणून इंटरनेटवरच्या यादीला टिकमार्क करत बसू नका.

तुलना शेजारच्या मुलाशी करू नका, त्याच्या स्वतःशी करा. मुळात अबोल असलेलं मूल अबोल आहे, यात बातमी नाही. गप्पिष्ट मूल सहा महिन्यांत गप्प झालं, ही बातमी आहे. बदल काही आठवडे टिकलाय का आणि वाढतोय का ते पाहा. वयातला चिडका मुलगा घरी तोंड फुगवतो पण मित्रांचा फोन आला की खुलतो. त्याचं एक दार बंद होतं तेव्हा दुसरं उघडं असतं. इथे दारं सगळीकडची बंद होत जातात, घरची, मित्रांची, अभ्यासाची, आवडीनिवडींची. आणि या घसरणीत संशय, विचित्र आवाज, सगळ्यात लपलेले अर्थ शोधणं यांपैकी काही मिसळलं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. महिना थांबू नका, या आठवड्यात भेटीची वेळ घ्या. तपासून काही निघालं नाही तर फार तर एक दुपार वाया गेली.

कानात आवाज आले म्हणजे सायकोसिसच का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणांत १८ देशांतल्या ३१ हजारांहून अधिक लोकांना विचारलं गेलं, तेव्हा ५.८ टक्के लोकांनी आयुष्यात कधीतरी भास किंवा भ्रमासारखा अनुभव आल्याचं सांगितलं. त्यातल्या साधारण एक-तृतीयांश लोकांना तो फक्त एकदाच आला होता. झोप लागताना किंवा जाग येताना कुणी नावाने हाक मारल्यासारखं वाटणं अगदी सामान्य आहे. जवळचं माणूस गेल्यानंतर त्याची पावलं वाजणं, त्याचा आवाज येणं हेही अनेकांच्या बाबतीत घडतं, आणि तो आजार नसतो.

आवाज पुन्हा पुन्हा येतात का, जागेपणी येतात का, ते काय म्हणतात, त्यांनी भीती वाटते का, त्यांचं ऐकावंसं वाटतं का, आणि त्यापायी रोजचं जगणं अडलंय का, हे विचारायला हवं. "हे मनाचे खेळ असतील" अशी शंका अजून शिल्लक आहे का, हेही महत्त्वाचं आहे. ती शंका शिल्लक असते तोवर मदत घ्यायला माणूस सहज तयार होतो. ती संपली की काम फार अवघड होतं.

देवाधर्माची ओढ वाढली तर ते लक्षण समजायचं का?

श्रद्धा म्हणजे भ्रम नव्हे. श्रद्धा माणसाला इतरांशी जोडते आणि त्याच्या समाजातल्या लोकांना ती ओळखीची वाटते. भ्रम माणसाला एकटं पाडतो. त्याच श्रद्धेचे इतर लोकही म्हणू लागले की "हे काहीतरी वेगळंच आहे", प्रार्थनेपायी झोप आणि जेवण सुटलं, "माझी निवड झाली आहे, मला आदेश येतात" असं सुरू झालं, तर दाखवायला हवं. घरच्यांची प्रार्थना चालू राहू दे, तिच्यासाठी उपचार थांबवू नका आणि उपचारांसाठी तिला नावं ठेवू नका.

कुणाला धोका जास्त? आमचं काही चुकलं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. आईच्या थंड वागण्याने स्किझोफ्रेनिया होतो, असं गेल्या शतकात काही काळ खरोखर शिकवलं जात होतं. ते साफ चुकीचं ठरलं, पण त्यापायी कित्येक आयांनी आयुष्यभर स्वतःला दोष दिला.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडापैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर धोका साधारण १० टक्क्यांच्या आसपास जातो. याचाच दुसरा अर्थ असा की अशा दहांपैकी नऊ जणांना तो होत नाही. एकसारख्या जुळ्यांमध्ये एकाला असला तरी निम्म्या किंवा त्याहून अधिक जोड्यांत दुसऱ्याला होत नाही. गर्भारपणातल्या आणि जन्माच्या वेळच्या गुंतागुंती, लहानपणी झालेला छळ, परमुलखात उपरेपणाने जगावं लागणं, गजबजलेल्या मोठ्या शहरातलं वाढणं, नशा, अशा अनेक गोष्टी थोडं थोडं वजन टाकतात. काटा नेमका कशाने झुकला, हे एका माणसाच्या बाबतीत कुणीही सांगू शकत नाही.

आणि "आधी का नाही कळलं?" हा प्रश्न स्वतःला विचारत असाल तर एवढंच सांगते, मागे पाहताना सगळ्या खुणा एका रांगेत उभ्या दिसतात. त्या घडत होत्या तेव्हा त्या इतर शंभर साध्या गोष्टींत विखुरलेल्या होत्या.

गांजा तर नैसर्गिक आहे, त्याने काय होतं?

सायकोसिसच्या बाबतीत बदलता येण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट कुठली असं विचाराल तर मी गांजाचं नाव घेईन. युरोपातली काही शहरं आणि ब्राझील मिळून ११ ठिकाणी झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज गांजा ओढणाऱ्यांत पहिल्या सायकोसिसची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळली. नशेचा मूळ घटक, टीएचसी, १० टक्के किंवा अधिक असलेला कडक गांजा रोज ओढणाऱ्यांत ती जवळजवळ पाचपट होती. विशीच्या आत सुरुवात केली आणि घरात आजाराचा इतिहास असला तर धोका आणखी वाढतो.

सगळ्या ओढणाऱ्यांना सायकोसिस होत नाही, हेही खरं. पण ज्याला खुणा दिसू लागल्या आहेत त्याच्यासाठी हा युक्तिवाद निरुपयोगी आहे. काही मुलं आतली अस्वस्थता शमवायला ओढतात. म्हणून ओरडण्याआधी "ओढल्यावर तुला काय बरं वाटतं?" हे विचारा. उत्तरात बऱ्याचदा मूळ त्रास सापडतो.

खुणा दिसल्या म्हणजे पुढे सायकोसिस होणारच का?

नाही, बहुतेकांना होत नाही. मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅकगोरी आणि अॅलिसन युंग यांच्या गटाने १९९४ मध्ये केवळ या टप्प्यातल्या तरुणांसाठी दवाखाना सुरू केला आणि 'अतिधोका' कशाला म्हणायचं याचे निकष ठरवले. सौम्य, अर्धवट स्वरूपातले भास किंवा संशय. किंवा आठवड्याच्या आत आपोआप ओसरलेला खरा सायकोसिस. किंवा घरात आजाराचा इतिहास आणि सोबत रोजच्या वागण्या-करण्यात ठळक घसरण. सुरुवातीच्या अभ्यासांत अशांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास लोकांना वर्षभरात सायकोसिस झाला. पुढे जगभर मोठ्या संख्येने तपासलं गेलं तेव्हा हा आकडा बराच खाली आला. आता ढोबळ अंदाज असा, की ३ वर्षांत साधारण चारांतल्या एकाला होतो. लक्षात घ्या, हे तज्ज्ञांनी तपासून अतिधोक्यात धरलेल्या लोकांबद्दल आहे, नुसत्या चिडचिड्या किंवा एकलकोंड्या मुलांबद्दल नाही.

उरलेले तिघेही अगदी ठणठणीत असतात असं मात्र नाही. त्यांच्यात नैराश्य आणि चिंता भरपूर आढळते. म्हणजे मदत त्यांनाही लागतेच, फक्त वेगळ्या कारणासाठी.

थोडं थांबून पाहिलं तर काय बिघडतं?

सायकोसिस उघड झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ जितका लांबतो, तितकं पुढे सावरणं कठीण जातं. हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्या काळात शिक्षण सुटतं, नोकरी जाते, मैत्री तुटते, कधी जीवही धोक्यात येतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात निम्म्या रुग्णांसाठी हा काळ ७४ आठवडे किंवा त्याहून जास्त निघाला. जवळजवळ दीड वर्ष!

नॉर्वेच्या रोगालँड भागात १९९७ पासून एक सोपी वाटणारी गोष्ट केली गेली. वर्तमानपत्रांत, रेडिओवर, शाळांमध्ये या खुणांची माहिती सतत द्यायची आणि कुणालाही थेट फोन करता येईल असं पथक ठेवायचं. तिथे हा काळ ५ आठवड्यांवर आला. तुलनेसाठी निवडलेल्या भागांत तो १६ आठवडे होता. दहा वर्षांनंतर पाहिलं तर पूर्ण सावरलेल्यांचं प्रमाण लवकर शोध घेतलेल्या भागात साधारण दुप्पट होतं. आणि माहितीची मोहीम थांबवल्यावर उपचारांपर्यंतचा काळ पुन्हा वाढला. हे शेवटचं मला सर्वांत जास्त लागतं. लोकांना माहीत असणं एवढ्यानेच आठवडे वाचत होते.

आम्हाला पहिल्या डॉक्टरांनी "वय आहे, सुटेल" म्हणून परत पाठवलं होतं. तुमच्या बाबतीत असं झालं तर दुसरीकडे जा. रोज सोबत राहणाऱ्या माणसाच्या पोटात जी पाल चुकचुकते, तीही माहितीच असते.

त्याच्याशी हा विषय काढायचा कसा?

शांत वेळ बघा. चारचौघांत नको, जेवणाच्या ताटावर नको, भांडणानंतर तर नकोच. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत विचारलं तर चौकशी वाटते. शेजारी बसून किंवा चालता चालता विचारलं तर सोपं जातं.

लक्षणांची नावं घेऊ नका, दिसलेल्या गोष्टी सांगा. "तू वेड्यासारखा वागतोयस" असं म्हणण्याऐवजी, "दोन आठवडे झाले, तू रात्री जागाच असतोस. जेवायलाही येत नाहीस. मला काळजी वाटते रे. काय होतंय, सांगशील?" आणि मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागेल. तो मधला वेळ भरून काढायला आपलं तोंड शिवशिवतं, पण आवरा.

त्याने एखादी विलक्षण गोष्ट सांगितली तर दोन चुका हटकून होतात. एक, वाद घालणं, पुरावे मागणं, हसणं. दुसरी, त्याला बरं वाटावं म्हणून "हो, मलाही ऐकू आलं" म्हणणं. दोन्ही टाळा. भावाशी बोलताना मला पुढे कामी आलेलं वाक्य हे होतं, "माझ्या कानावर तो आवाज आला नाही. पण तुला येतोय आणि त्याने तू घाबरलायस, हे मला कळतंय." यात खोटं काही नाही आणि त्याला खोटं पाडणंही नाही. घड्याळ बोलतं की नाही यावर आमचं कधीच एकमत झालं नाही, पण झोप लागत नाही यावर झालं, आणि झोपेसाठी तो डॉक्टरांकडे यायला तयार झाला.

जगणं नकोसं वाटतंय का, हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळते.

तो डॉक्टरकडे यायलाच तयार नाही. मग?

बहुतेकदा त्याला स्वतःला 'आजार' दिसतच नसतो, आणि तो हट्ट नसून आजाराचाच भाग असू शकतो. त्यामुळे 'तुला मानसिक आजार आहे' हे पटवण्यात ताकद घालवू नका. त्याला स्वतःला ज्याचा त्रास होतो तिथून सुरुवात करा, झोप, डोकेदुखी, अभ्यासात लक्ष न लागणं, छातीतली धडधड. ओळखीच्या फॅमिली डॉक्टरकडून सुरुवात झाली तरी चालेल, त्यांना आधी फोन करून कल्पना द्या. तो ज्याचं ऐकतो असा काका, मावशी, मित्र, शिक्षक कुणी असेल तर त्यांना सोबत घ्या. तरीही भाऊ किंवा मूल नाहीच आलं, तर तुम्ही एकट्याने जा आणि पुढे काय करायचं ते मानसोपचारतज्ज्ञाला विचारा. फसवून नेऊ नका. "फिरायला जाऊ" म्हणून दवाखान्यात नेलेला माणूस, ज्याच्या डोक्यात आधीच कटाचा संशय आहे, तो पुन्हा तुमच्यावर विश्वास ठेवायला फार वेळ घेतो.

डॉक्टर काय करतील?

बराच वेळ बोलतील, त्याच्याशी वेगळं आणि तुमच्याशी वेगळं. झोप, नशा, घरातला आजाराचा इतिहास, डोक्याला मार, फिट, चालू औषधं विचारतील. रक्ताच्या तपासण्या सांगतील, गरज वाटली तर मेंदूचं स्कॅनिंग किंवा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, अपस्मार, स्टिरॉइडची औषधं यांनीही असं चित्र दिसू शकतं. २००७ मध्ये योसेप दालमाउ यांच्या गटाने मेंदूज्वराचा एक प्रकार नोंदवला, ज्यात शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या पेशींवर संदेश पकडणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरवर उलटते. त्याची सुरुवात अनेकदा हुबेहूब सायकोसिससारखी होते आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे असतात.

जाताना एका कागदावर तारखांसकट लिहून न्या. "विचित्र वागतो" यापेक्षा "मार्चपासून वर्गात जात नाही, मेपासून खिडकी बंद, जूनमध्ये म्हणाला की शेजारी विचार ऐकतात" हे डॉक्टरांना दहापट उपयोगी पडतं.

लगेच गोळ्या सुरू होतील का? त्या आयुष्यभर घ्याव्या लागतात ना?

खुणांच्या टप्प्यावर बहुधा नाही. फक्त धोका आहे म्हणून, सायकोसिस टाळण्यासाठी अँटिसायकोटिक औषधं देऊ नयेत, असं ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. या टप्प्यावर सीबीटी म्हणजे विचार आणि वर्तनावर काम करणारी मानसोपचार पद्धत, कुटुंबासोबत काम, झोपेची घडी बसवणं, नशा सोडवणं आणि सोबतच्या नैराश्य-चिंतेवर उपचार यांवर भर असतो. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३बद्दल कुणी सांगेल. २०१० मध्ये व्हिएन्नातल्या ८१ जणांच्या अभ्यासाने मोठी आशा दाखवली होती, पण २०१७ मध्ये त्याहून मोठ्या, अनेक देशांतल्या चाचणीत तो फायदा दिसला नाही.

सायकोसिस उघड झाला असेल तर औषधं लागतात, आणि ती बहुसंख्यांना उपयोगी पडतात. ती किती काळ घ्यायची हे कारणावर अवलंबून असतं आणि डॉक्टरांसोबत ठरतं. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करणं, हे आजार उलटण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे.

कधी अजिबात थांबू नये?

जीव द्यायचा विचार बोलून दाखवला, आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असले, अन्नात विष आहे म्हणून खाणं-पिणं सोडलं, दोन-तीन रात्री अजिबात झोप नाही आणि उत्तेजना वाढतेच आहे, तर त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या. सोबत ताप, फिट, शरीर ताठणं, कुठे आहोत याचं भान जाणं यांपैकी काही असेल तर मोठ्या रुग्णालयातच न्या. अशा वेळी घरातल्या गोळ्या, कीटकनाशकं आणि धारदार वस्तू हाताशी राहणार नाहीत असं बघा.

बाळंतपणानंतरचं वेगळं सांगते, कारण ते फार झपाट्याने होतं. १००० बाळंतपणांमागे १ किंवा २ स्त्रियांना सायकोसिस होतो, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत. बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप न लागणं, भलताच उत्साह किंवा गोंधळ, बाळाबद्दल विचित्र खात्री ही त्याची चाहूल असते. आधी बायपोलर आजार असेल तर धोका कितीतरी जास्त असतो. याला बाळंतपणातला थकवा म्हणून सोडू नका. वेळेत उपचार मिळाले तर या स्त्रिया बहुतेक पूर्ण बऱ्या होतात.

सायकोसिस झालेला माणूस हिंसक होणारच, ही भीती मात्र मनातून काढा. ही माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याचीच शक्यता जास्त असते.

हे घरच्या कुणाला नाही, मलाच होतंय. मी काय करू?

तू हे वाचतोयस, म्हणजे तुला अजून शंका घेता येते आहे. ती फार मोलाची आहे.

तुला जे दिसतंय, ऐकू येतंय, ते खरं की खोटं हे आज एकट्याने ठरवायची गरज नाही. आज एवढंच कर. ज्या एका माणसावर तुझा अजून विश्वास आहे त्याला सांग, "काही दिवस माझ्या डोक्यात विचित्र होतंय आणि मला भीती वाटतेय, डॉक्टरकडे माझ्यासोबत चल." पुढचं सगळं सांगायची सक्ती नाही. बोलवत नसेल तर लिहून दे. गांजा आणि दारू पूर्ण थांबव. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि ठरल्या वेळी आडवा हो, झोप आली नाही तरी. जे होतंय ते तारखेसकट वहीत टिपून ठेव, डॉक्टरांना तेच वाचून दाखवता येईल.

माझा भाऊ आता तिशीपार आहे. शिक्षण दोन वर्षं लांबलं, पण पूर्ण झालं. काम करतो, औषध घेतो, ताण वाढला की झोप आधी बिघडते हे त्याला ठाऊक आहे आणि तसं झालं की स्वतःच डॉक्टरांना फोन करतो. मी एकदा त्याला विचारलं होतं, त्या वर्षात आम्ही काय करायला हवं होतं? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, तू हसलीस ना, त्यानंतर मी सांगणं बंद केलं."

तू सांगशील तेव्हा समोरचा कदाचित चुकीचं काही बोलेल, हसेलही. तसं झालं तर दुसऱ्या कुणाला सांग.